समुद्रकांठची ट्राम

आमच्या छत्रपति संभाजीनगरास समुद्र नाहीं. खाम नदी आहे, पण तिच्याविषयीं न बोलणेंच बरें. गुहागरची मुलगी लग्न होऊन या कोरड्या गांवीं आली, त्यास चाळीस वर्षें झालीं. दर उन्हाळ्यांत ती "यंदां तरी समुद्र?" म्हणून विचारी आणि मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढें करीं. तिच्या भावांनीं माहेरचें घर विकल्यावर तर तिकडे जाण्यास निमित्तही उरलें नाहीं.

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां बेल्जियमांत चिरंजीवाकडे गेलों. तेथें फ्रान्सच्या सीमेजवळील दे पान्ने गांवापासून हॉलंडच्या सीमेजवळील क्नोकेपर्यंत ६७ किलोमीटर समुद्राच्या कडेनें ट्राम धांवते. ओस्टेंड ते न्यूपोर्ट हा तिचा पहिला तुकडा १८८५ सालीं वाफेवर सुरू झाला. आतां सर्व कारभार विजेचा. दिवसाचें एकच तिकीट काढावें, वाटेल तेथें उतरावें, मागून येणारी दुसरी ट्राम धरावी. मुंबईची ट्राम १९६४ सालींच बंद झाली, त्यामुळें ट्रामच्या बांकावर मी प्रथमच बसत होतों.

न्यूपोर्ट येथें १९१४ च्या ऑक्टोबरांत बेल्जियन लोकांनीं भरतीच्या वेळीं बांधाचे दरवाजे उघडले आणि समुद्र आपल्याच शेतांत घेऊन जर्मन सैन्य अडविलें. चिरंजीव हें मोठ्या उत्साहानें सांगत होता. सौभाग्यवतीनें मध्येंच विचारलें, "आणि त्या शेतांचें रे? खारें पाणी शिरलें म्हणजे जमीन पुष्कळ वर्षें पिकत नाहीं." त्याजपाशीं उत्तर नव्हतें. माझ्यापाशींही नव्हतें.

ओस्टेंडच्या अलीकडे रूळ अगदीं वाळूला लागून जातात. तिनें कपाळ कांचेला टेकविलें. "रंग आपल्याकडचा नाहीं," एवढेंच म्हणाली. पुढें एका थांब्यावर दार उघडलें, वारा आंत आला, आणि तिनें डोळे मिटले.

दे हान गांवीं उतरलों. जर्मनींत परतणें अशक्य झाल्यामुळें आइन्स्टाइन १९३३ सालीं कांहीं महिने येथें राहिले. तेथून इंग्लंडमार्गें अमेरिकेस गेले ते पुन्हा युरोपांत आले नाहींत. बांकावर बसलेला त्यांचा पुतळा आहे. त्याच्या शेजारीं बसून चिरंजीवानें विषय काढला, "नाना, तिकडचें घर आतां विकूं या. तुम्ही दोघेंही इकडेच राहा. आईला समुद्रही मिळेल."

ज्यानें चाळीस वर्षें समुद्र नाकारला त्यानें काय बोलावें? मीं तिच्याकडे पाहिलें. ती म्हणाली, "ट्राम आली, चला."

घर अजून विकलेलें नाहीं. परवां दिवेलागणीनंतर मात्र ती म्हणाली, "अहो, गुहागरला एस.टी. कशी कशी जाते, जरा स्टँडवर विचारून या."