बर्मिंगहॅम व्हाया उद्यमनगर

२०१२च्या पावसाळ्यात पुण्याहून कोल्हापूरला आलो तेव्हा बॅगेत एक हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर 'मेटल इव्हॉल्यूशन'चे अकरा भाग. ते कुठून आणले हे विचारू नका. त्या काळी हॉस्टेलवर कुणी काही कुठून आणत नसे, ते आपोआप येत असे.

घरी टीव्ही एकच होता. आण्णा नुकतेच रिटायर झाले होते आणि पीएफमधून त्यांनी ३२ इंची एलईडी घेतला होता. त्याला मागे पेन ड्राइव्हचं भोक होतं, हे मला समजलं आणि आण्णांची दुपारची झोप गेली. खरं तर त्यांना आवाजाचा त्रास होण्याचं कारण नव्हतं. तीस वर्षं फाउंड्रीत काढलेला माणूस. आधी मोल्डिंगला, मग फेटलिंगला. फेटलिंग म्हणजे कास्टिंग साच्यातून निघाल्यावर त्याच्या कडांना राहिलेलं जास्तीचं लोखंड चिपिंग हॅमरने उडवायचं आणि ग्राइंडरने घासायचं. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला डेथ मेटल म्हणजे अंगाई. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे म्हणतात. आण्णांच्या काळात कानात घालायला कापूस मिळायचा, तोही घरून न्यायचा.

त्यामुळे आमच्या घरी टीव्हीचा आवाज कायम साठाच्या वर. बातम्या शेजारच्या गल्लीतल्या लोकांनाही समजायच्या. आईची तक्रार वेगळीच होती. "ह्यांना सगळ्या जगाचं ऐकू येतं, फक्त माझं येत न्हाई." हा विनोद म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हसलो. पुढे ईएनटीवाल्याने ऑडिओग्राम काढला तेव्हा समजलं की यात विनोद नव्हता. आवाजाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं जातं, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचं. बायकांचे, लहान मुलांचे आवाज, बोलण्यातले स, श, त, क. खालचं, खर्जातलं, बरंच दिवस शाबूत राहतं. आईचं खरंच ऐकू येत नव्हतं.

तर मालिकेबद्दल. सॅम डन हा कॅनडाचा, मानववंशशास्त्र शिकलेला माणूस. ग्वाटेमालाच्या निर्वासितांवर अभ्यास करत होता, मग त्याने ठरवलं की आपल्याच जमातीचा अभ्यास करावा. स्कॉट मॅकफेडियनबरोबर त्याने २००५ साली 'मेटल : अ हेडबँगर्स जर्नी' केला, २००८ साली 'ग्लोबल मेटल', ज्यात आपल्या मुंबईचा साहिल मखिजा दिसतो, 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा. आणि २०११ साली ही अकरा भागांची मालिका. ब्लूज, जाझ आणि पागानिनी-वॅग्नरपासून सुरुवात करून तो थ्रॅश, ग्लॅम, ग्रंज, न्यू मेटल असा फिरतो. हातात एक वंशावळ. कुठल्या प्रकारातून कुठला निघाला याच्या रेषा. ही वंशावळ मला फार आवडायची, कारण आमच्या पेठेत भाऊबंदकीच्या केसेससाठी लोक अशाच काढतात.

मालिकेत खोट आहेच. ग्लॅमला अख्खा भाग आहे आणि एक्स्ट्रीम मेटलला मूळ अकरांत जागाच नाही. चॅनलला तो नको होता. शेवटी चाहत्यांकडून वर्गणी काढून तो वेगळा करावा लागला. ग्रंजला मेटलच्या मालिकेत का घ्यायचं, यावर मी एका मित्राशी शाहूपुरीत मिसळ गार होईपर्यंत भांडलोय. पण डनचा एक गुण मान्य करायला हवा. ज्या प्रकारांवर त्याचं प्रेम नाही तिथेही तो जातो, बसतो, विचारतो. चाहत्याला हे जमत नाही. मला तर अजिबात जमलेलं नाही.

माझं मेटल सुरू झालं अकरावीत, कॅसेटवर. तेव्हा कोल्हापुरात मेटल ऐकणारे आम्ही एका रिक्षात मावू एवढे होतो. त्यातही एक जण फक्त टी-शर्टापुरता होता. मुंबईच्या पोरांकडे रंगभवन होतं, इंडिपेंडन्स रॉक होतं, आमच्याकडे गणपती होते. बाहेरच्यांना सांगायला हवं, कोल्हापुरात 'डॉल्बी' ही कंपनी नाही. डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यासमोर उभं राहिलं की बरगड्या वाजतात. वर्षातले दहा दिवस अख्खं गाव त्या भिंतीपुढे नाचतं आणि उरलेले दिवस माझ्या खोलीतून आयर्न मेडन ऐकू आलं की म्हणतं, काय हा गोंगाट. ते आयर्न मेडन २००७च्या मार्चमध्ये बंगलोरला आले. कोल्हापूरहून रात्रभराची एसटी. मी गेलो नाही, पैसे नव्हते. जे गेले त्यांनी पुढची पाच वर्षं तेच सांगितलं.

अकरावीतच मी आठशे रुपयांना एक जुनी गिटार घेतली होती. ती दोन महिने टिकली. आण्णांनी एके दिवशी ती उचलली आणि ज्याच्याकडून घेतली त्याला परत देऊन आले. पैसेही मागितले नाहीत. "वाजवून प्वाट भरत न्हाई," एवढंच वाक्य. मी रडलो नाही, पण आठ-दहा दिवस जेवताना त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. इंजिनिअरिंग, पुणे, नोकरी, सगळं सरळ झालं. पण तो राग मी नीट जपून ठेवला होता.

त्या पावसाळ्यात इंग्लंडचा भाग लावला तेव्हा आण्णा कॉटवर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. बर्मिंगहॅम आलं. चिमण्या, विटांच्या भिंती. ब्लॅक सॅबथचं गिटार सुरू झालं आणि आण्णा कुशीवर वळले.

"ह्ये काय वाजतंय?"

"गिटार."

"हे ऐकू येतंय मला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कुठलं गाव म्हनायचं?"

बर्मिंगहॅम म्हणजे त्यांचं उद्यमनगर, मी सांगितलं. हे फारसं चुकीचं नाही. शिवाजी उद्यमनगर, वाय. पी. पोवारनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. आमच्या जिल्ह्यातलं निम्मं घर ओतकामावर, लेथवर नाहीतर प्रेसवर चालतं. इंजिनाचे भाग, पंपाची कास्टिंगं, ऑटोचे ब्लॉक. आण्णा शाळेत कमी आणि म्हादबा मेस्त्रींच्या गोष्टी ऐकत जास्त वाढले. बर्मिंगहॅममध्येही तेच. ऑझी ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केलं, गाड्यांचे हॉर्न तपासण्याचं काम केलं. जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफोर्ड वॉल्सॉलला लोखंडाच्या कारखान्यांच्या आवाजात वाढला आणि हे तो मुलाखतींतून सांगत आलाय. मेटलला मेटल का म्हणतात यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. आण्णांना ती वाचायची गरज वाटली नसती.

पडद्यावर टोनी आयोमी आला. मी रिमोटने थांबवलं, कारण त्याच्या बोटांची गोष्ट मला पाठ होती आणि सांगायचा मोह आवरला नाही. १९६५. पोरगा सतरा वर्षांचा, शीट मेटलच्या कारखान्यात. नोकरीचा शेवटचा दिवस, बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. मशीनने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी झाल्यावरही वाजवणारा माणूस. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांवर बसतील अशी टोपणं केली, त्यावर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. तारा हलक्या वापरल्या, पुढे सैल सोडल्या. सैल तार खाली वाजते. म्हणून तो आवाज तसा जड.

ही गोष्ट मी नेहमी एका दमात सांगतो, शेवटी ऐकणाऱ्याने 'वा' म्हणावं अशी. तिच्या जोडीला एक कोल्हापूरची गोष्टही तयार होती. शाहू महाराजांच्या दरबारी गायलेले अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी गाऊन गाऊन आवाज गमावून बसले, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजासाठी त्यांनी जी गायकी घडवली तीच जयपूर घराण्याची. म्हणजे गमावलेल्यातून शैली. हे मी पुण्यात पार्टीत सांगितलं की लोक मान डोलवायचे.

आण्णांनी मान डोलावली नाही. ते उठून बसले.

"मालकानं काय दिलं?"

"कशाचं?"

"बोटांचं."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, हा प्रश्न मला सुचला नव्हता. डनलाही नाही, आणि मी वाचलेल्या कुणालाच नाही.

आता हे सांगायला हवं की आण्णांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट एकेका पेराने कमी आहे. लहानपणी आम्ही विचारलं की ते सांगायचे, उंदरानं खाल्लं. दर वेळी जनावर बदलायचं. मोठे झालो तसं विचारणं बंद झालं. उद्यमनगरातल्या माणसाची बोटं कोण मोजतो?

त्या दुपारी त्यांनी सांगितलं. फाउंड्रीत लागायच्या आधी ते एका छोट्या प्रेस शॉपला होते. वॉशर काढायचे. पॉवर प्रेसला पुढे गार्ड असतो, हात आत गेला तर प्रेस खाली येऊ नये म्हणून. गार्ड लावला की तासाला नग कमी निघतात, म्हणून तो काढून कोपऱ्यात ठेवलेला. रात्रपाळीचे शेवटचे नग. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, एक महिन्याचा पगार दिला आणि कुणी विचारलं तर घरी दारात बोट सापडलं म्हणायचं, असं सांगितलं. आण्णांनी तसंच सांगितलं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३चा होता. त्याच्या परिशिष्टात कोष्टक होतं, बोटाच्या पेराला किती टक्के कमाईची क्षमता गेली असं धरायचं याचं. तर्जनीचं एक पेर ९ टक्के, मधल्या बोटाचं ७. हे मी नंतर शोधून काढलं. आण्णांना टक्के माहीत नव्हते, पण कायदा आहे हे माहीत होतं.

"मग मागितलं का नाही?"

"फाउंड्रीत घेतलं असतं काय मला?"

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी मालिका पुढे सुरू केली. ते पाहत राहिले. मध्येच म्हणाले, "डावखुरा हुता तर हात बदलायचा की. उलटी धरायची." आयोमीनेही पुढे तेच म्हटलंय, की तेव्हा बाजू बदलायला हवी होती.

रात्री आईने भांडी लावताना दुसरी गोष्ट सांगितली. आमच्या माळ्यावर एक पेटी आहे, पोत्यात बांधलेली. मी ती आजोबांची समजत होतो. ती आण्णांची. तालमीच्या भजनी मंडळात ते वाजवायचे, लग्नाच्या आधी. हार्मोनियमचा भाता डाव्या हाताने आणि पट्ट्यांवर उजवा. बोटं गेल्यावर दोन एकादश्या बसून पाहिलं, मग पेटी बांधली. "तुझं ते गिटार आणलंस तवा चार रात्री झोपलं न्हाईत," ती म्हणाली. का, ते तिनेही सांगितलं नाही. मी माळ्याकडे बघून घेतलं. पोतं होतं तिथेच होतं.

माझा राग लगेच गेला असं नाही. तो इतका जुना होता की त्याची सवय झाली होती. आणि आण्णांनीही पेटी काढली नाही, कुणी असल्या अपेक्षेने वाचत असेल तर.

गेल्या वर्षी, ५ जुलैला, ब्लॅक सॅबथने बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचा कार्यक्रम केला. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला आणि २२ जुलैला गेला. त्या आठवड्यात मी घरी होतो. आण्णा आता कानाला मशीन लावतात, म्हणजे आईने ओरडलं की लावतात. फोनवर त्यांना आयोमीची क्लिप दाखवली. सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा, काळा कोट.

"तोच काय हा? टोपनं अजून घालतोय?"

"हो."

त्यांनी फोन हातात घेतला, थांबवला, उरलेल्या बोटांनी पडदा ताणून उजवा हात मोठा केला आणि चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"फिटिंग चांगलं बसलंय," म्हणाले, आणि फोन परत दिला.