ओहायोच्या संगमावरील एक समाधि

नदीचा संगम म्हटला कीं आपल्या लोकांचे हात आपोआप जोडले जातात. कऱ्हाडचा असो, माहुलीचा असो कीं प्रयागचा असो, तेथें घाट असावा, एखादें शिवालय असावें, अशी आपली अपेक्षा असते. गतवर्षीं चिरंजीवांकडे अमेरिकेंत राहण्याचा योग आला, तेव्हां जो संगम आम्हीं पाहिला तेथें यांपैकीं कांहीं नव्हतें. तरीहि तेथें आमचे हात जोडले गेले, तें कशासाठीं, हें वाचकांस सांगण्याचा आज विचार आहे.

वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत पॉईंट प्लेझंट नांवाचें लहानसें गांव आहे. कानावा नदी येथें ओहायोस मिळते. दोहोंमधील टोंकावर चार एकरांचें उद्यान असून त्यांत ८४ फूट उंचीचा दगडी स्तंभ उभा आहे. १० ऑक्टोबर १७७४ रोजीं या भूमीवर लढलेल्या व्हर्जिनियाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ तो १९०९ सालीं उभारण्यांत आला. त्याच उद्यानांत एक ठेंगणें स्मारक आहे. सैनिक ज्याच्याशीं लढले त्या शॉनी जातीच्या नायकाची ती समाधि होय. त्याचें नांव होकोलेस्क्वा. या शब्दाचा अर्थ मक्याचें धाट. म्हणून इंग्रज त्यास ‘कॉर्नस्टॉक’ म्हणत.

शॉनी लोकांचीं गांवें ओहायोच्या उत्तरेस सायोटो नदीच्या कांठीं होतीं, आणि शिकारीचें रान दक्षिणेस केंटकी प्रांतांत. १७६८ सालीं इरोक्वॉय नांवाच्या दुसऱ्याच राष्ट्रानें हें दक्षिणेचें रान इंग्रजांस लिहून दिलें. ज्याचें शेत त्यास न विचारतां शेजाऱ्यानें खरेदीखत करून द्यावें, त्यांतलाच हा प्रकार! पुढें वसाहतवाले येऊं लागले, चकमकी झाल्या, आणि १७७४ च्या एप्रिलांत मिंगो जातीचा पुढारी लोगन याचे आप्त गोऱ्यांनीं कपटानें मारले. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यानें शॉनींवर दोन बाजूंनीं सैन्य काढलें.

कॉर्नस्टॉकचें मत युद्धाच्या विरुद्ध होतें. परंतु युद्ध अटळ झालें तेव्हां तो घरीं बसला नाहीं. नेतृत्व त्यानेंच केलें. दोन सैन्यें एकत्र होण्यापूर्वीं एकास गांठावें, हा त्याचा बेत. अँड्र्यू लुईसचे सुमारे ११०० लोक याच टोंकावर तळ देऊन होते. ९ ऑक्टोबरच्या रात्रीं शॉनी योद्धे व त्यांचे सोबती तराफ्यांवरून ओहायो उतरले आणि पहांटे तुटून पडले. मागें व बाजूंस नद्या आणि पुढें शत्रु, अशा पेंचांत लुईस सांपडला. लढाई दिवसभर चालली. व्हर्जिनियाचे सुमारें ७५ लोक पडले, त्यांत लुईसचा सख्खा भाऊहि होता. शॉनींकडील पकशिन्वा नांवाचा वीर येथेंच पडला. पुढें कीर्तीस चढलेला टेकुम्से हा त्याचाच मुलगा. झाडाआडून आपल्या लोकांस धीर देणारा कॉर्नस्टॉकचा खणखणीत आवाज शत्रूकडील लोकांसहि ऐकूं येत होता. सायंकाळीं मात्र शॉनींनीं माघार घेतली.

घरीं परतल्यावर त्यानें सभा बोलाविली. बायकामुलें मारून टाकून शेवटपर्यंत लढावयाचें काय, असें त्यानें विचारलें. कोणी उत्तर देईना. तेव्हां तहास मीच जातों, असें सांगून तो निघाला. त्या तहान्वयें ओहायोच्या दक्षिणेची शिकार सोडण्याचें शॉनींनीं कबूल केलें. आम्हांस हा माणूस थोर वाटतो तो यापुढील तीन वर्षांमुळें. तह कडू होता, तरी दिलेला शब्द त्यानें पाळला.

१७७७ सालीं अमेरिकन व इंग्रज यांचें युद्ध भरांत होतें. संगमावर आतां रँडॉल्फ नांवाचा अमेरिकनांचा किल्ला होता. कॉर्नस्टॉक आपण होऊन तेथें गेला. आपले लोक इंग्रजांकडे ओढले जात आहेत आणि प्रवाहाचा जोर वाढला तर आपणांसहि त्याबरोबर वाहावें लागेल, असें त्यानें उघड सांगितलें. या सचोटीचें फळ म्हणून किल्लेदारानें त्यास ओलीस ठेविलें. एके दिवशीं अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून तो खडूनें जमिनीवर आपल्या मुलखाचा व नद्यांचा नकाशा काढीत होता. इतक्यांत पैलतीरावरून हांक आली. त्याचा मुलगा एलिनिप्सिको बापास भेटण्यास आला होता.

दुसरे दिवशीं, १० नोव्हेंबर रोजीं, शिकारीस गेलेल्या एका शिपायास दुसऱ्याच इंडियनांनीं मारलें. त्याचे सोबती खवळून ओलिसांच्या खोलीकडे धांवले. कॉर्नस्टॉकनें मुलास धीर दिला आणि उभें राहून गोळ्या छातीवर घेतल्या. मुलगा व दोन सोबतीहि मारले गेले. गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यानें या कृत्याचा निषेध केला, खटलाहि झाला. पण साक्ष देण्यास कोणी येईना, आणि आरोपी सुटले.

लंकेच्या सभेंत मारुतीस मारण्याचा हुकूम सुटला, तेव्हां दूत अवध्य आहे असें बिभीषणानें सांगितलें व रावणानेंहि तेवढें मानलें. शेंपूट पेटविलें ती गोष्ट निराळी! रँडॉल्फ किल्ल्यांत रावणाइतकीहि मर्यादा राहिली नाहीं.

गांवांत मात्र वेगळीच कथा ऐकूं येते. मरतांना कॉर्नस्टॉकनें या भूमीस शाप दिला म्हणे! १५ डिसेंबर १९६७ रोजीं येथील ओहायोवरचा पूल कोसळून ४६ माणसें गेलीं, तीहि या शापामुळें, असें कित्येक सांगतात. वस्तुतः पुलाच्या साखळींतील एका पोलादी दुव्यास पडलेली बारीक चीर त्यास कारण झाली, हें चौकशींत सिद्ध झालें आहे. शिवाय संगमावरील लढाईंत लढलेल्या व पुढें या हत्येच्या वेळीं किल्ल्यांत असलेल्या स्ट्यूअर्टनें सर्व हकीकत लिहून ठेविली आहे; तींत शापाचें एक अक्षरहि नाहीं.

लोकांस शाप आठवतो, याचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, शाप मानला म्हणजे मृतास सूडखोर ठरवितां येतें, आणि विश्वासघाताचा हिशेब परस्पर चुकता होतो. खरी गोष्ट अधिक बोंचक आहे. त्यानें शाप दिला नाहीं. शब्द दिला होता, व तो पाळतांपाळतां तो मेला.

त्याच्या अस्थींसहि स्वस्थता लाभली नाहीं. किल्ल्याजवळून त्या न्यायकचेरीच्या आवारांत नेल्या, आणि १९५४ सालीं या उद्यानांत आणल्या. शॉनी लोकांस १८३० नंतरच्या दशकांत ओहायो सोडावी लागली. आज त्यांच्या सरकारमान्य तीनहि शाखा दूर ओक्लाहोमा संस्थानांत आहेत. आपलीं कितीतरी मुलें हल्लीं त्या देशीं नांदत आहेत. त्यांपैकीं कोणी या बाजूस गेल्यास मुलांस उंच स्तंभ अवश्य दाखवावा. मग त्या ठेंगण्या दगडापाशीं थोडें थांबून, दिलेला शब्द म्हणजे काय, हेंहि सांगावें.