कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी का येतो?



आठवीच्या विज्ञानातला ‘आरोग्य व रोग’ हा पाठ शिकवताना दरवर्षी कोणीतरी विचारतंच, “बाई, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग लघवीच्या कल्चरला तीन दिवस का लागतात? लॅबवाले उशीर करतात का?” हा प्रश्न घाईत बाजूला टाकू नका. त्याचं उत्तर नीट समजलं, तर अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविकं कशी वापरायची हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी जिवाणू वाढावे लागतात

हिमोग्लोबिन किंवा साखर रक्तात असतेच, ती फक्त मोजायची. कल्चरमध्ये मात्र डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आधी वाढवावे लागतात. पहिल्या दिवशी नमुन्याचा अगदी थोडा भाग अगार घातलेल्या पेट्री डिशवर रेघा ओढून पसरतात आणि डिश शरीराच्या तापमानाइतक्या उबेत ठेवतात. ई. कोलाय हा जिवाणू चांगलं खाणं मिळालं की साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे आठ तासांत २४ वेळा दुप्पट. मुलांना हे गणित फळ्यावर करायला लावा. एकाचे १ कोटी ६७ लाखांच्या वर होतात! दुसऱ्या दिवशी डिशवर ठिपके दिसतात, त्यांना वसाहती म्हणतात. एकेक वसाहत म्हणजे एका जिवाणूपासून वाढलेलं अख्खं कुटुंबच.

आता खरी परीक्षा सुरू होते. वसाहतीतले जिवाणू मिठाच्या निर्जंतुक पाण्यात मिसळतात आणि त्या पाण्याचा गढूळपणा ठरलेल्या प्रमाणाशी जुळवून घेतात. मग कापसाच्या बोळ्याने ते ‘म्युलर-हिंटन’ नावाच्या अगारवर तीन दिशांनी एकसारखं पसरतात. त्यावर ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एकेका औषधाची ठरावीक मात्रा असते. ते औषध अगारमध्ये झिरपतं. १६ ते १८ तासांनी पाहिलं, की जिथे औषधाने वाढ रोखली तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं आणि बाकी डिशवर जिवाणूंचा दाट थर असतो. वर्तुळाचा व्यास मोजायचा आणि रिपोर्ट लिहायचा. झाले की नाही तीन दिवस? मोठ्या लॅबमध्ये आता हे काम यंत्रंही करतात, पण त्यांनाही आधी वाढलेली वसाहत लागतेच.

इतकं काटेकोर कशासाठी? पाण्यात जिवाणू जास्त झाले तर वर्तुळ लहान येतं. अगारचा थर जाड झाला तरी लहान येतं. पूर्वी प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी असायची, त्यामुळे निकाल एकमेकांशी जुळत नसत. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारखी पद्धत मांडली. ती आजही ‘कर्बी-बाउअर’ नावाने चालते. उत्तरपत्रिका तपासताना आपल्याला नमुना उत्तरं का देतात, तसंच हे.

मिलिमीटरची तुलना जपून

रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे एस, आय किंवा आर लिहिलेलं असतं. एस म्हणजे हे औषध या जिवाणूवर चालेल, आर म्हणजे चालणार नाही. आय म्हणजे मधली स्थिती, त्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा.

इथे बहुतेकांना वाटतं, की ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध चांगलं. तसं नसतं. काही औषधं अगारमध्ये भराभर पसरतात, काहींचे रेणू मोठे असल्यामुळे ती हळू सरकतात. म्हणून प्रत्येक औषधाची ‘पास’ होण्याची रेषा वेगळी असते. १०० पैकी ३० आणि २० पैकी १५ यात जास्त गुण कोणाचे, हे आपण नुसत्या आकड्यावरून सांगतो का? आणि एस लिहिलेलं प्रत्येक औषध त्या रुग्णाला चालेलच असंही नाही. वय, मूत्रपिंडं, संसर्ग नेमका कुठे आहे, हे पाहून डॉक्टर त्यातलं एक निवडतात.

हे मी घरीच पाहिलं

माझी आई अडुसष्ट वर्षांची, मधुमेह जुना. गावी असताना लघवीला जळजळ सुरू झाली. एका दुकानातून चिठ्ठीशिवाय सुट्या गोळ्या मिळाल्या, तिने चार दिवस घेतल्या. आमच्याकडे आल्यावर कल्चर केलं. लघवीत पू-पेशी भरपूर, पण डिशवर वाढ शून्य. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आजी, याआधी काही गोळ्या घेतल्या का?” गोळ्यांचा अंश लघवीत उतरतो आणि डिशवर वाढ होऊ देत नाही, दुखणं मात्र आत तसंच राहू शकतं. आता कोणत्या औषधाने बरं होईल, हे सांगायला हातात काहीच नव्हतं.

चार दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला, बोलण्यात विसंगती येऊ लागली. दाखल करावं लागलं. या वेळी नमुना आधी घेतला आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जिवाणू ई. कोलाय. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर. त्या सुट्या गोळ्या त्याच गटातल्या होत्या. सुरू केलेल्या इंजेक्शनपुढेही आर. डॉक्टरांनी त्याच दुपारी औषध बदललं आणि दोन दिवसांत ताप उतरला. कागदावरची ती दोन-चार अक्षरं नसती, तर चुकीचं औषध आणखी किती दिवस चाललं असतं, हा विचार आजही मनात येतो.

सवय कोणाला लागते?

“आईच्या अंगाला त्या गोळीची सवय झाली असेल,” असं नातेवाईक म्हणाले. वर्गातही मुलं हेच म्हणतात. हा गैरसमज आपण दूर केला पाहिजे. प्रतिरोधी होतो तो जिवाणू, माणूस नव्हे. म्हणूनच ज्याने कधीच ती गोळी घेतली नाही, त्यालाही दुसऱ्याकडून आलेला प्रतिरोधी जिवाणू आजारी पाडू शकतो. जिवाणूंनाही ‘सवय’ होत नाही. कोट्यवधींमध्ये थोडे आधीच वेगळे असतात. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाढतात. शिवाय प्रतिरोधाची जनुकं एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याबद्दल सावध केलं होतं.

वर्गात काय करता येईल

शाळेत जिवाणू वाढवून त्यांच्यावर औषधं टाकू नका, ते सुरक्षित नाही. कंपास आणि पट्टी पुरते. ४.५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ ही आपली डिश. त्यात तीन चकत्या काढा आणि त्यांच्याभोवती काल्पनिक वर्तुळं. ‘क’ औषधाचा व्यास २० मिमी, पासची रेषा २६. ‘ख’चा १७, रेषा १५. ‘ग’चा ६, म्हणजे वाढ थेट चकतीपर्यंत. मुलांना मोजू द्या आणि एस की आर ते ठरवू द्या. सर्वांत मोठं वर्तुळ असलेलं ‘क’ नापास झालं, की वर्गात जी चर्चा सुरू होते ती पाहण्यासारखी असते. १८ ते २४ नोव्हेंबर या प्रतिजैविक प्रतिरोध जागृती सप्ताहात हा तास जरूर घ्या.

पालकांनो, आपल्यासाठी थोडकंच सांगते. सर्दी-पडशासारख्या विषाणूंच्या आजारात अँटिबायोटिक मागू नका. पाकिटावर लाल रेघ असेल, तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना देऊ नका. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं, तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी द्या. आधी काही घेतलं असेल, तर न लपवता सांगा. आजार गंभीर असेल तर रिपोर्टसाठी उपचार थांबत नाहीत, डॉक्टर नमुना घेऊन औषध सुरू करतात आणि रिपोर्ट पाहून बदलतात. म्हणून तिसऱ्या दिवशी बरं वाटत असलं, तरी तो रिपोर्ट आणून डॉक्टरांना दाखवाच.