प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाला

चि. सोनूस,


न्यू जर्सीतल्या तुझ्या अटकेची नोंद पुसल्याचा, म्हणजे एक्स्पंजमेंटचा आदेश हातात आहे, नोकरीसाठीचा एच-१बी मंजूर झाला आहे, आणि आता व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी मुंबईला यायचं तर डीएस-१६० या व्हिसा अर्जावरच्या अटकेच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, असं तू विचारलं आहेस. माझं मत स्पष्ट आहे. व्हिसाच्या अर्जावर ‘हो’ लिही. न्यू जर्सीतल्या एखाद्या खाजगी कंपनीने मात्र हेच विचारलं, तर ‘नाही’ लिहिण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. एकाच घटनेबद्दल दोन उत्तरं देताना तुझं मन कचरतं, हे मी समजू शकतो. पण अर्जावरचा प्रामाणिकपणा म्हणजे कोण विचारतोय, कोणत्या अधिकाराने विचारतोय आणि नेमकं काय विचारतोय, हे पाहून त्याच प्रश्नाला खरं उत्तर देणं. तसं पाहिलं तर तुझी दोन्ही उत्तरं खरी आहेत.

आधी नोकरीचं बघू. एक्स्पंजमेंट झाल्यावर ती अटक आणि पुढची कारवाई घडलीच नाही असं मानावं आणि त्या व्यक्तीने त्याप्रमाणे उत्तर द्यावं, अशी मुभा न्यू जर्सीचा कायदा शब्दांत देतो. पोलीस खातं किंवा न्यायालयातली नोकरी असे अपवाद त्याच कायद्यात नोंदवले आहेत. शिवाय पंधरा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाने अर्जाच्या पहिल्या टप्प्यात गुन्हेगारी नोंदीबद्दल विचारूच नये, असा नियम तिथे २०१५ पासून लागू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पुसलेल्या नोंदीही त्या संरक्षणात आल्या. म्हणजे एचआरच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिताना तू काही लपवत नाहीस. कोवळ्या वयातल्या एका प्रकरणाने माणसाची रोजीरोटी जन्मभर अडू नये, असं राज्याने विचारपूर्वक ठरवलं आहे. तो हक्क संकोच न करता वापर. सगळं सांगून टाकलेलं बरं, अशा भाबड्या भीतीपोटी तो सोडू नकोस.

पण राज्य आपल्या हद्दीतल्या मालकाला बांधू शकतं, केंद्र सरकारला नाही. परदेशी माणसाला देशात येऊ द्यायचं की नाही, हा अमेरिकेत केंद्राचा विषय आहे, आणि तिथे राज्याने पुसलेली पाटी कोरी मानली जात नाही. डीएस-१६० हा प्रश्न कसा विचारतो ते नीट वाच: कुठल्याही गुन्ह्यासाठी तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा दोषी ठरवलं गेलं आहे का, मग त्यात माफी, सार्वत्रिक क्षमा किंवा तत्सम कारवाई झालेली असली तरीही. प्रश्न लिहिणाऱ्याने तुझी पळवाट आधीच बंद केली आहे. दोषी ठरणं कशाला म्हणायचं, याची स्वतंत्र व्याख्या अमेरिकी काँग्रेसने १९९६ साली इमिग्रेशन कायद्यात घातली: गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं, तर पुढे खटला निकाली निघाला तरी ती दोषसिद्धीच. १९९९ साली रोल्डान प्रकरणात इमिग्रेशन अपील मंडळाने हेच लावून धरलं की राज्याने सुधारणेची संधी म्हणून पुसलेली दोषसिद्धी इमिग्रेशनसाठी शिल्लकच राहते. म्हणून तुझे कागद पुन्हा काढून बघ. न्यू जर्सीच्या म्युनिसिपल कोर्टात ‘कंडिशनल डिसमिसल’ नावाची सवलत मिळते, पण ती मिळण्याआधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा दोष सिद्ध व्हावा लागतो. तुझा खटला त्या मार्गाने मिटला असेल, तर केंद्राच्या नजरेत तू दोषी ठरलेला असू शकतोस. कबुली किंवा दोषसिद्धीशिवाय मिटला असेल, तर उरते ती फक्त अटक.

यात दिलासा देणारी बाजूही आहे. तुझ्यावर होता त्या, दुकानातून दोनशे डॉलरहून कमी किमतीची वस्तू उचलल्याच्या आरोपाला न्यू जर्सीत जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे. अशा एकाच किरकोळ गुन्ह्यासाठी इमिग्रेशन कायद्यात सूट ठेवलेली आहे: कमाल शिक्षा एक वर्षाहून जास्त नसावी आणि प्रत्यक्ष सुनावलेली कैद सहा महिन्यांहून जास्त नसावी. म्हणजे अगदी वाईट अर्थ लावला तरी या एका प्रकरणाने दार बंद होऊ नये. दार बंद होईल ते ‘नाही’ या उत्तराने. महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं, तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असते. त्यातून सूट मागता येते, पण ती देणं न देणं सरकारच्या मर्जीवर.

तू म्हणशील, अटकच निरुपद्रवी असेल तर ती न सांगण्याने काय बिघडलं? चौकशीचा एखादा रास्त धागा तुझ्या उत्तराने तोडला का, हे कायदा बघतो. शेवटी काही निघालं नसतं, हे मग तुला सिद्ध करत बसावं लागेल. त्यांना कळणार कसं, असंही वाटेल. अटकेच्या वेळी घेतलेले ठसे एफबीआयपर्यंत जातात, आणि व्हिसासाठी तू दहाही बोटांचे ठसे देतोस. राज्याच्या दफ्तरातून जे गेलं ते केंद्राच्या दफ्तरातून गेलंच असेल, असं समजू नकोस. शिवाय हाच प्रश्न पुढे ग्रीन कार्डच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जावरही येतो. एकदा लिहिलेलं ‘नाही’ तुला पुन्हा पुन्हा लिहावं लागेल, आणि ज्या दिवशी ‘हो’ लिहावंसं वाटेल त्या दिवशी जुना अर्ज तुझ्याविरुद्ध उभा राहील.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. अटक म्हणजे गुन्हा नव्हे; मग निर्दोष माणसाने ती का सांगत फिरावं? यात अन्याय आहे, हे मी मान्य करतो. निव्वळ अटकेवरून गुन्हा घडला असं सिद्ध होत नाही, हे अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने २०१२ साली मालकांना बजावलं आहे. व्हिसाच्या खिडकीवर मात्र तसं कवच नाही, ते असायला हवं. पण ते मिळवायची जागा न्यायालय आणि संसद आहे. अर्जावर खोटं लिहून नियम बदलत नाही, फक्त निर्दोष माणूस स्वतःच्या हाताने दोषी होतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली अवतार सिंग खटल्यात नोकरीच्या पडताळणी अर्जांबद्दल सांगितलं की माहिती खरीच द्यावी लागेल. मात्र क्षुल्लक प्रकरण असेल, तर ते लपवलं तरी मालक विवेकाने ती चूक पोटात घालू शकतो. व्हिसाच्या खिडकीवर अशा विवेकाचा भरवसा धरू नकोस.

आता करायचं काय ते सांगतो. आरोपपत्र, निकाल आणि एक्स्पंजमेंटचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती गोळा कर. फाइल बंद झाली असेल तर तुझ्या जुन्या वकिलाकडे विचार. त्या कलमाची कमाल शिक्षा दाखवणारी कायद्याची प्रतही सोबत ठेव. सल्ला इमिग्रेशनच्या वकिलाचाच घे, आणि तो तुझा स्वतःचा असू दे. कंपनीने नेमलेला वकील कंपनीचीही बाजू बघतो, त्यामुळे जे एचआरला न सांगण्याचा तुला हक्क आहे ते त्याच्यामार्फत तिकडे पोहोचू शकतं. अटकेनंतरच्या एखाद्या जुन्या अर्जावर तू आधीच ‘नाही’ लिहिलं असशील, तर त्यांनी विचारण्याआधी आपणहून दुरुस्त कर. वेळेवर केलेल्या दुरुस्तीला किंमत असते. मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, तर काय घडलं आणि कसं मिटलं ते चार वाक्यांत सांग. बचावाचं भाषण करू नकोस आणि लाजूही नकोस. राज्याने तुला दिलेली सुटका खरी आहे, आणि केंद्राचा प्रश्नही खरा आहे. दोघांचाही मान राखून उत्तर दिलंस, तर पुढच्या कुठल्याच अर्जावर तुला मागचं उत्तर आठवून लिहावं लागणार नाही.

तुझा,
मामा