निळं झुंबर

आपल्या वाड्यांतल्या हंड्या-झुंबरांचा थाट त्याला नाही. छतापासून सुटलेल्या बारीक माळा आणि त्यांत ओवलेले निळ्या काचेचे लोलक, एवढंच. उजेड पडला की समोरच्या चेहऱ्यावर निळे कवडसे हलू लागतात. क्रिस्तॉफ किश्लॉव्हस्कीच्या ‘थ्री कलर्स : ब्लू’ (१९९३) या चित्रपटात त्याच्या वाट्याला संवाद नाही. तरी नायिकेला, ज्युलीला, सगळ्यांत जवळून तेच ओळखतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मोटार झाडावर आदळते. ज्युलीचा नवरा, मोठा संगीतकार, आणि छोटी मुलगी आना, दोघंही जातात. इस्पितळात ज्युली गोळ्या तोंडात कोंबते, गिळवत नाहीत. मरता येत नाही, तर मागचं काही शिल्लक ठेवायचं नाही, असं ती ठरवते. घर विकायला काढते, नोकरमाणसांची सोय लावते, नवऱ्याची अपुरी राहिलेली स्वरलिपी कचऱ्याच्या गाडीत टाकते. निळी खोली रिकामी करा, असंही सांगून ठेवते. माणसं इमानाने सगळं हलवतात. छताला हे तेवढं राहून जातं.

ती खोली कुणाची, हे कुणी तोंडाने सांगत नाही. सांगावं लागतही नाही. रिकाम्या खोलीत ज्युली त्याला पाहते आणि हिसका देते. लोलक तुटून मुठीत येतात.

आपल्याकडे गेलेल्या लेकराचं दप्तर माळ्यावर जातं. पुन्हा कुणी ते खाली काढत नाही, टाकूनही देत नाही. ज्युलीला माळा नकोच आहे. घर सोडताना ती खडबडीत दगडी भिंतीवर मूठ घासत चालते, कातडी सोलवटते. मग पॅरिसमध्ये, जिथे मुलं राहत नाहीत अशाच इमारतीत, ती जागा मागते. एवढा कडेकोट बंदोबस्त करणारी बाई जुन्या घरातून बरोबर एकच वस्तू आणते, एका खोक्यात. आणि ते खोकं ती बंद ठेवत नाही. झुंबर टांगते. मला इथे ज्युली झालेल्या ज्युलिएत बिनोशच्या चेहऱ्याइतकंच ते झुंबर बघावंसं वाटतं. व्हेनिसला चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला, बिनोशला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. स्लावोमिर इजियाकच्या कॅमेऱ्याने त्या काचेलाही तितक्याच मायेने टिपलं आहे.

त्याच इमारतीत ल्युसिल राहते, रात्रीच्या क्लबात नाचणारी. तिला हाकलून लावायच्या अर्जावर ज्युलीने सही केली नाही, म्हणून ती फुलं घेऊन येते. येते ती थेट झुंबराखाली. लहानपणी माझ्याकडे अगदी असंच होतं, ती सांगते. खाली उभी राहून हात उंच करायचे, उडी मारून हात लावायचं स्वप्न बघायचे. बोलता बोलता ती लोलकांना हात लावतेसुद्धा.

आनाचा हातही कधी असाच वर गेला असेल. चित्रपट ते दाखवत नाही, ज्युलीही बोलत नाही. परक्या बाईची बोटं त्या निळ्या काचेतून फिरतात, लोलक एकमेकांवर किणकिणतात, आणि ज्युली तिला थांबवत नाही.