डोळ्यांवरची कात

सापाच्या डोळ्याला डोळा भिडवून बसण्याचा योग आमच्या पत्रिकेत आहे असे कोणा ज्योतिष्याने सांगितले असते, तर आम्ही दिलेली दक्षिणा परत मागितली असती. पण बदलीच्या नोकरीत घरात कोण येईल आणि कोण जाईल याचा नेम नसतो. आमची कन्या शिक्षणासाठी बंगलोरला गेली आणि जाताना साडेतीन फूट लांबीचा एक आफ्रिकी अजगर जयपूरच्या घरी आमच्या स्वाधीन करून गेली. "बाबा, तो कुणाला काही करत नाही," एवढेच त्याचे प्रशस्तिपत्र!

ते खोटे नव्हते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला हा 'बॉल पायथन' भ्यायला की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो. त्यावरूनच त्याचे हे नाव पडले. कागदपत्रेही चोख होती. आपल्या नागाला वा धामणीला घरी ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या परदेशी पाहुण्याचीही नोंदणी करावी लागते. सरकारी नोकराच्या घरी साप असला तरी त्याची फाईल पूर्ण हवी!

मे महिन्यात त्याने अन्न सोडले. अंगाची झिलई गेली आणि डोळ्यांवर दुधाळ निळसर सायीसारखे काही आले. आम्ही घाबरून कन्येला फोन केला. ती हसली. म्हणाली, "कात टाकतोय, बाबा." मग तिने आमचा वर्ग घेतला. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साचला की ती काच धुरकटते, काही दिवसांनी पुन्हा निवळते, आणि मग ओठांपासून सुटलेली कात पायमोजासारखी उलटी होत अखंड निघते. तिच्याबरोबर डोळ्यांवरच्या दोन्ही काचाही निघतात. लहानपणी कोकणात गडग्याच्या फटीतून आम्ही किती तरी काती ओढून काढल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांकडे पाहण्याचे एकदाही सुचले नव्हते.

या खेपेला मात्र कात चिंध्या होऊन निघाली. डोक्याचा तुकडा आम्ही उजेडात धरला, तर काचांच्या जागी दोन भोके! सापाच्या दोन्ही डोळ्यांवर सुरकुतलेला, मळकट पापुद्रा तसाच राहिला होता.

"अहो, चिमट्याने अलगद ओढा ना," सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या. सूचना आम्हांस पटली. प्रलंबित प्रकरण तत्काळ निकालात काढावे, हा जन्माचा संस्कार! आम्ही चिमटा घेतला. सापाने चेंडू केला. तो उलगडण्याची वाट पाहताना, निदान विचारून तरी घ्यावे, म्हणून पशुवैद्यांना फोन लावला. ते एवढेच म्हणाले, "आधी चिमटा खाली ठेवा." जुन्या काचेच्या खालीच नवी काच असते. ओढाताणीत तिला इजा झाली तर डोळा उघडा पडतो, आणि बहुधा जातोच. "पापुद्रा राहिला तर पुढच्या कातीबरोबर निघेल. डोळा गेला तर पुन्हा येणार नाही."

आमच्या हातातला चिमटा थरथरत होता हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सापाला तपासले. अंगावर गोचिडीसारखे बारीक कीटक असले तरी कात अडते, ते नव्हते. दोष हवेचा होता, म्हणजे आमचाच. त्या उन्हाळ्यात खसच्या ताट्यांचा जुना कूलर रजेवर पाठवून आम्ही एअरकंडिशनर बसवला होता. त्याने खोली थंड केली, पण हवेतला ओलावा शोषून घेतला. पेटीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास हवी, आणि कातीच्या दिवसांत थोडी अधिकच. काटा बत्तिसावर होता. कन्येने हे सारे एका कागदावर लिहून दिले होते. आम्ही तो कागद नीट फाईलला लावला होता; वाचला मात्र नव्हता.

उपचार साधा होता. पेटीत ओल्या शेवाळाची एक डबी. संध्याकाळी पोटापुरत्या कोमट पाण्यात, सुमारे ३० अंशांच्या, वीस मिनिटे त्याला ठेवायचे आणि जवळून हलायचे नाही. मग ओल्या पंचाच्या घड्यांतून त्याला आपल्या गतीने सरकू द्यायचे. घासायचे नाही, ओढायचे नाही. पहिले तीन दिवस काही झाले नाही. चौथ्या संध्याकाळी पंचावर माशाच्या खवल्याएवढे काही चमकले. उजव्या डोळ्याची काच होती ती. डावी आली नाही. पशुवैद्य म्हणाले, "आता थांबा."

आम्ही सहा आठवडे थांबलो. पेटी कूलरच्या खोलीत हलवली. डावा डोळा अंधूक असूनही त्याचे जेवण चुकले नाही. ओठांवरच्या खाचांनी त्याला भक्ष्याची ऊब कळते. पण रोज दिवा लावताना आमचे लक्ष त्या डोळ्याकडेच जाई, आणि आपल्या निष्काळजीपणाने एका मुक्या जिवाची दृष्टी गेली तर कन्येला काय सांगावे, हा प्रश्न छळत राही.

त्या रात्रींत एक विचार वारंवार मनात आला. बदली झाली की आम्ही मंडळी बंगला, शेजार, बाजाराची वाट, सारे अंगावरून उतरवतो आणि आपण नवे झालो असे मानतो. डोळ्यांवरचा पापुद्रा मात्र जागेवरच असतो. जयपुरात तीन वर्षे राहूनही आम्ही त्याच्याकडे पुण्याच्याच काचेतून पाहत होतो: इथे पाऊस नाही, भाजीला चव नाही, बोलायला माणूस नाही. ती काच कोणी चिमट्याने ओढू गेले असते तर आम्ही चेंडूच केला असता. त्यालाही थोडा ओलावा लागतो आणि पुढच्या कातीपर्यंतचा धीर.

जुलैच्या एका सकाळी पेटीत अखंड कात पडली होती. डोक्याशी दोन काचा होत्या. डावी जरा जाड, दुहेरी. साप वर पाहत होता आणि त्याच्या डाव्या डोळ्यात खिडकी स्वच्छ उमटली होती. आम्ही त्याला मनगटावर घेऊन छायाचित्र काढविले आणि कन्येला पाठविले.

तिचे उत्तर आले, "बाबा, तुम्ही त्याला हातात घेतलंत?"

आपल्याला सापाची भीती वाटते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.