आयदर ऑर सर्व्हायव्हर

आमच्या वसईत ‘मिशनरी’ हा शब्द नेहमी एकवचनी असतो. मिशनरी म्हणजे फादर आणि फादर म्हणजे एकटा माणूस. पांढरा झगा, हातात पुस्तक, चालण्यात घाई नाही. घरातून निघताना त्याला ‘येताना कोथिंबीर आणा, आणि मागच्यासारखी मेथी उचलून आणू नका’ असं कुणी बजावत नाही. म्हणून तो जगाच्या कल्याणाचा विचार सलग करू शकतो, असं वसईतल्या तमाम विवाहित पुरुषांचं (त्यांत आम्ही हिंदूही आलो) ठाम मत आहे. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, पुढे किल्ल्याचीही पडझड झाली. फादर मात्र एकटा तो एकटाच राहिला.

त्यामुळे मिशन चालवणारं जोडपंसुद्धा असतं, नवरा प्रवचन करतो आणि बायको त्याच मिशनची शाळा चालवते, हे मी शेजारच्या मावशींना सांगितलं तेव्हा त्या केळीची पानं कापता कापता थांबल्याच. मावशी म्हणजे रविवारची मिस्सा कधी न चुकवणाऱ्या.

“फादरला बायको?”

“प्रोटेस्टंटांत चालतं, मावशी.”

“मग कन्फेशन कोण कुणाकडे करतं?”

“नवरा बायकोकडे,” मी म्हटलं, “पण ते सगळ्याच धर्मांत आहे.”

मावशींनी कपाळापासून खांद्यांपर्यंत क्रूस केला, पण हसल्या.

मी ज्या जोडप्याबद्दल बोलत होतो ते एका उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहत होतं. आता असं बेट म्हटलं की डोळ्यांपुढे नारळाची झाडं, निळंशार पाणी आणि वाऱ्यावर झुलणारी झोळी येते. पण हे बेट म्हणजे मुंबई. मीही रोज सकाळी विरारहून भरून आलेल्या लोकलला लोंबकळून याच बेटावर नोकरीला जातो. उतरल्यावर बेटावर आल्यासारखं कधी वाटत नाही. पोहून आल्यासारखं मात्र रोज वाटतं. 1829 साली मुंबई खरोखरीच बेट होती. बेटं सांधत सांधत एक होत आलेलं, शीवजवळ एका बांधानं साष्टीला चिकटलेलं. माहीमहून वांद्र्याला जायचं तर होडी. माहीमची खाडी बांधून रस्ता झाला तो 1845 साली, आणि तोही लेडी जमशेटजी जीजीभाई या बाईंच्या पैशानं. विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली 12 एप्रिल 1867 रोजी. त्या दिवशी तरी लोकांना चौथी सीट मिळाली असेल!

आमची शाखा गिरगावात. दुपारी डबा खाऊन चौपाटीकडे पाय मोकळे करायला गेलं की विल्सन कॉलेजची दगडी इमारत लागते. हे विल्सन कोण, असं मी शाखेत विचारलं. एकानं सांगितलं, गव्हर्नर. दुसरा म्हणाला, पेनवाला. तिसऱ्यानं कॅश मोजता मोजता ‘नंतर सांगतो’ म्हटलं, ते अजून सांगतोय.

तर डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे पाद्री. ऑगस्ट 1828 मध्ये त्यांचं मार्गारेट बेन यांच्याशी लग्न झालं आणि फेब्रुवारी 1829 मध्ये दोघं मुंबई बंदरात उतरली. सुएझचा कालवा व्हायला अजून चाळीस वर्षं होती. आफ्रिकेला वळसा घालून यायचं. म्हणजे मधुचंद्र बोटीवर आणि तोही मिठाच्या पाण्यात. उतरले तेव्हा साहेब चोवीस वर्षांचे, बाई तेहतीस वर्षांच्या. आपल्याकडे ही पत्रिका गुरुजींच्या हातीसुद्धा गेली नसती.

अशा प्रवासाची गंमत वाचताना वाटते, करताना नसे. त्यांच्याही आधी 1812 साली अमेरिकेहून काही मिशनरी जोडपी हिंदुस्थानात आली. कंपनी सरकारनं त्यांना कलकत्त्याहून हुसकावलं. त्यांतल्या हॅरिएट न्यूवेल नवऱ्याबरोबर मॉरिशस बेटाकडे निघाल्या. वाटेत समुद्रातच बाळ झालं आणि गेलं. 30 नोव्हेंबर 1812 रोजी मॉरिशसला त्याही गेल्या. वय एकोणीस. ज्या कामासाठी घर सोडलं ते सुरूसुद्धा व्हायचं होतं. नवरा पुढे एकटाच मुंबईला आला आणि 1821 साली इथेच कॉलऱ्यानं गेला. हे सगळं ठाऊक असून पुढची जोडपी बोटीत चढतच होती. आम्हाला विरार शाखेहून डहाणूला बदली झाली तर आम्ही युनियनकडे धावतो.

विल्सन जोडपं आधी कोकणात, हर्णै-बाणकोटच्या बाजूला मराठी शिकलं. स्कॉटलंडच्या माणसानं बाणकोटात मराठी शिकायची म्हणजे काय दशा झाली असेल, याची कल्पना करावी. तो भात, ती भाकरी आणि ते वरण, हे असं का, याला आपल्याकडे उत्तर नाही. ‘ळ’ हे अक्षर तर परक्याला उपाशीपोटी जमत नाही आणि भरल्यापोटी शोभत नाही. पण दोघंही शिकली, आणि वर्ष संपायच्या आत मुंबईत येऊन त्यांनी बिऱ्हाड मांडलं.

इथून पुढे साहेबांची कीर्ती सुरू होते. पंडितांशी वाद, लेण्यांचा अभ्यास, पारशी धर्मावर ग्रंथ, 1832 साली काढलेली इंग्रजी शाळा, तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. मधूनमधून दौरे, कधी नाशिक, कधी गोवा, कधी गुजरात. आमच्याकडचे इन्स्पेक्शनवाले साहेब असेच दौऱ्यावर असतात, आणि शाखा चालायची ती चालतेच. ती कोण चालवतं हे इन्स्पेक्शन रिपोर्टात नसतं.

बेटावरची ही शाखा मार्गारेटबाई चालवत. मुंबईत येताच त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. मुलगी अक्षर शिकली तर तिचा नवरा मरतो, असं ठामपणे मानणारं ते गाव. तिथे आयांना पटवायचं, मुली जमवायच्या, जमलेल्या टिकवायच्या, मास्तरांवर लक्ष ठेवायचं, मराठी वाचायचं, मासिकासाठी लिहायचं, स्वतःची मुलं सांभाळायची, आणि हे सगळं मुंबईच्या मे महिन्यात, पंखा हा शब्द दोरीला बांधलेला असताना. साहेब घरी असले तर आलेगेलेही असणारच.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमची सौभाग्यवती तांदूळ निवडत होती.

“त्या बाईची नेमणूक काय म्हणून?”

“नेमणूक नवऱ्याची. त्या काळी मिशनरी म्हणून नवऱ्याला पाठवत, बायको बरोबर येई.”

“म्हणजे पगार नाही.”

“वेगळा नाही.”

“मग रजा पण नाही,” ती म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला. तो नेमका माझ्या दिशेनं पडला, हा योगायोग.

नाही म्हणायला, अमेरिकन मिशननं 1827 साली सिंथिया फरार या अविवाहित बाईंना शिक्षिका म्हणून मुंबईला धाडलं होतं. पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा गाजवल्या. पण ते स्वतंत्र खातं. बहुतेक बायकांचं खातं संयुक्त. संयुक्त खात्याच्या फॉर्मवर आम्ही ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असं लिहून घेतो. म्हणजे दोघांपैकी कुणीही सही करावी, आणि एक गेलं तर मागे राहील त्यानं खातं चालवावं. गिऱ्हाइकं त्याच्याखाली हसत हसत सह्या करतात. नवीन लग्न झालेली तर एकमेकांकडे बघत करतात. त्या वाक्यात काय लिहिलंय हे वाचत कुणीच नाही. मिशनरी जोडप्यांनी ते वाचून सही केली होती, एवढाच फरक.

19 एप्रिल 1835 रोजी मार्गारेटबाई मुंबईत वारल्या. वय एकोणचाळीस. बेटावर उतरून सहा वर्षं आणि दोन महिने झाले होते. नवऱ्यानं त्यांचं चरित्र लिहिलं. आणि शाळा? त्या बंद पडल्या नाहीत. स्कॉटलंडहून त्यांच्या दोन बहिणी आल्या आणि त्यांनी शाळा हाती घेतल्या. जिथे बहीण गेली त्याच हवेत, त्याच मे महिन्यात. नॉमिनेशनचा एवढा कडक फॉर्म आमच्याकडेही नाही. आज गावदेवीला असलेली सेंट कोलंबा शाळा आपलं मूळ मार्गारेटबाईंपर्यंत नेते.

साहेब त्यांच्यामागे चाळीस वर्षं जगले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1 डिसेंबर 1875 रोजी मुंबईतच वारले. मिशनचा ताळेबंद मांडला तर धर्म बदलणारे थोडेच निघाले. 1839 साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि शाळेतली मुलं भराभर गळाली. पुढे ती परत आली, ती इंग्रजीसाठी. गिऱ्हाईक ठरवून आलेलं खातंच उघडतं. आपण कितीही विमा पॉलिसी पुढे सरकवा. मुली मात्र वाचायला शिकल्या, ती बाकी पुढे ओढली गेली.

संयुक्त खात्याचं स्टेटमेंट आम्ही पोस्टानं पाठवतो तेव्हा दोन्ही नावं छापतो. पण पाकिटाच्या खिडकीतून दिसतं ते पहिलंच. दुसरं घडीत जातं. विल्सन कॉलेजचं एक बरं आहे. इमारतीवर नुसतं आडनाव आहे, आणि ते दोघांचंही होतं.